घर सोडलेला माणूस आणि घरातली माणसं: चिनी कलेतले बुद्ध आणि कन्फ्युशियस

प्रश्न असा आहे की चिनी कविता, चित्रं, संगीत समोर आल्यावर त्यातलं बौद्ध काय आणि कन्फ्युशियसचं काय हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं, आणि मुळात चिनी तत्त्ववेत्ता कन्फ्युशियस घरदार सांभाळा म्हणतो, बुद्ध घर सोडून निघा म्हणतो, तर हे दोघं एकाच कवितेत मावतात तरी कसे, आणि हे सगळं वाचायला-ऐकायला सुरुवात कुठून करायची. मी बरीच वर्षं चायनीज भाषा आणि साहित्य शिकवते, गुछिन नावाचं सात तारांचं वाद्य वाजवते, आणि हा प्रश्न क्लासमध्ये जवळजवळ प्रत्येक बॅचला निघतो, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते. दोन कप्पे करून त्यात एकेक कलाकृती टाकत बसू नका, कारण चांगल्या कलाकृती त्या कप्प्यांत बसतच नाहीत. त्यापेक्षा एकच गोष्ट बघा, की या माणसाचं आईवडिलांशी, घराशी काय देणंघेणं चाललंय. बौद्ध धर्म चीनमध्ये साधारण पहिल्या शतकात पोचला तेव्हा शून्यता, पुनर्जन्म यावर वाद झालेच, पण लोकांना सगळ्यात जास्त टोचलं ते घरातलं. मुलगा डोकं भादरतो, जेव्हा की केस आणि कातडी ही आईबापांनी दिलेली, तिला धक्का लावायचा नाही ही कन्फ्युशियसवाल्यांची पहिली शिकवण, वर तो लग्न करत नाही, मग वंश कोण चालवणार आणि पूर्वजांना नैवेद्य कोण दाखवणार? यावर उत्तर शोधायला चिनी लोकांना हजार-दीड हजार वर्षं लागली, आणि ती उत्तरं त्यांनी ग्रंथांत कमी आणि गोष्टींत, चित्रांत, नाटकांत जास्त दिली असं मला वाटतं.

एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. अजिंठ्याच्या 10 नंबरच्या लेण्यात श्याम जातक रंगवलंय, आंधळ्या आईवडिलांची सेवा करणारा मुलगा पाणी आणायला जातो आणि राजाचा बाण लागून पडतो, म्हणजे आपल्या श्रावणबाळाची सख्खी भावकीच, फक्त इथे मुलगा शेवटी जिवंत होतो आणि तो मुलगा म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध असतो. हीच गोष्ट सहाव्या शतकात वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या मोगाओ गुंफांच्या भिंतींवर दिसते. आणि पुढे युआन काळात (तेरावं-चौदावं शतक) कन्फ्युशियस परंपरेतली 24 आदर्श मुलांची यादी तयार झाली (चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पोरांना हीच शिकवली), त्यात एक मुलगा आहे जो आईवडिलांच्या डोळ्यांसाठी हरणीचं दूध आणायला हरणाचं कातडं पांघरून कळपात शिरतो आणि शिकारी त्याला मारणार एवढ्यात बोलून जीव वाचवतो. हा तोच श्याम. पण बघा काय गळलंय: राजा गेला, मरण गेलं, पुनर्जन्म गेला, बुद्ध तर पूर्णच गेला, आणि उरलं काय तर आईवडील, त्यांचे डोळे आणि मुलाची धडपड. भारतातून आलेली गोष्ट चिनी घराने अशी आपलीशी केली की ती बाहेरून आली हे विसरूनच गेले सगळे.

उलट दिशेनेही हेच झालं. तारीख असलेलं जगातलं सगळ्यात जुनं पूर्ण छापील पुस्तक म्हणून वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्राची 868 सालची जी गुंडाळी सांगतात (दुनह्वांगच्या गुंफेतल्या बंद खोलीत सापडली, आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे), तिच्या शेवटी छापवून घेणाऱ्याने लिहून ठेवलंय की वांग ज्ये नावाच्या माणसाने हे आपल्या आईवडिलांसाठी, सगळ्यांना फुकट वाटायला केलं. मजकूर काय, तर कशालाही धरून राहू नका, मी-माझं असं काही नसतंच. आणि छापायचं कारण काय, तर आई आणि वडील! मला यात विसंगती दिसत नाही, मला यात चिनी बौद्ध धर्म अख्खा दिसतो.

मग मूलियन. हा म्हणजे आपल्याकडे बौद्ध वाङ्मय वाचणाऱ्यांना माहीत असलेला महामोग्गलान, बुद्धाच्या दोन मुख्य शिष्यांपैकी एक. चीनमध्ये त्याची जी कथा झाली ती ऐकून आपल्याकडचा माणूस चकित होतो, कारण तिथे तो सगळ्यात आधी मुलगा आहे. आई पापं करून अवीची नरकात गेलीये, आणि हा एकेक नरक पालथा घालत तिला शोधतो. दुनह्वांगला सापडलेल्या गद्यपद्य मिश्र कथेत आई लोखंडी पलंगावर 49 लांब खिळ्यांनी ठोकलेली आहे, ती तिथून सुटते तर भुकेलं पिशाच्च होते आणि तोंडाशी नेलेल्या अन्नाची आग होते, पुढे राजगृहात काळी कुत्री होऊन जन्मते, आणि हा तरी मागे हटत नाही, स्तूपासमोर सात दिवस सात रात्री पाठ करतो तेव्हा कुठे तिला माणसाचा देह मिळतो. घर सोडलेला भिक्खूच आईला वाचवू शकतो, घरी राहिलेल्या मुलाला हे जमलंच नसतं, हा त्यातला मुद्दा आणि तो फार हुशारीने मांडलाय. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या आसपास ही नाटकं होत, सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) राजधानी खायफंगला सातव्या तिथीपासून पंधराव्या तिथीपर्यंत खेळ चालायचा आणि गर्दी वाढतच जायची अशी नोंद आहे. शाळेत न गेलेल्या चिनी बाईला बौद्ध धर्म कोणी शिकवला असं मला विचाराल तर मी सूत्रांचं नाव घेणार नाही, मूलियनचं घेईन.

अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचंही तेच. अजिंठ्याचा पद्मपाणि किंवा कान्हेरीतल्या मूर्ती बघितलेल्या माणसाला चीनमध्ये त्याचंच रूप असलेली पांढऱ्या वस्त्रातली क्वानयिन ही बाई कुठून आली हा प्रश्न पडतोच. कारणं बरीच आहेत, पण त्यातली एक कथा म्हणजे राजकन्या म्याओशानची, जी हनान प्रांतात 1100 साली शिलालेखावर कोरली गेली: बापाने लग्न कर म्हटलं, तिने नाही म्हटलं, संन्यास घेतला, बापाने छळ छळ छळलं, आणि पुढे तोच बाप असाध्य रोगाने आजारी पडला तेव्हा तिने आपले डोळे आणि हात काढून दिले औषधाला. तो बरा होऊन आभार मानायला येतो तेव्हा त्याला कळतं की ही आपलीच पोर. आईबापांनी दिलेलं शरीर जपायचं ही शिकवण मोडून तिने आईबापांचंच ऋण फेडलं. दोन्ही विचार एकमेकांच्या गळ्याशी येतात आणि दोन्ही खरे ठरतात, मला ही कथा फार मोठी वाटते.

जाता जाता, श्वेनत्सांग (आपल्याकडचा ह्युएन त्संग), जो पुलकेशी दुसऱ्याच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि ज्याने डोंगरात कोरलेल्या विहाराचं वर्णन लिहून ठेवलंय, तोसुद्धा भारतातून परतल्यावर बारा वर्षांनी, 657 मध्ये, गावी जाऊन म्हाताऱ्या बहिणीला भेटला, आईवडिलांची कबर शोधली आणि बादशहाची परवानगी काढून त्यांचं नीट पुन्हा दफन केलं. त्याच्या प्रवासावरच्या चिनी कादंबरीत त्याचे सोबती माकड आणि डुक्कर सगळी जागा खातात, हा प्रसंग कोणी सांगत नाही.

आता चित्रांकडे. चौथ्या शतकातला चित्रकार कू काइची घ्या, त्याच्या नावावर दोन गोष्टी आहेत. एक, राजवाड्यातल्या बायकांनी कसं वागावं हे सांगणारी चित्रगुंडाळी, जिची जुनी प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात पान नावाची राणी बादशहाच्या पालखीत बसायला नकार देते, कारण जुन्या चित्रांत शहाण्या राजांच्या शेजारी मंत्री असतात, बायका नसतात. हे पक्कं कन्फ्युशियसचं. आणि दुसरी, नानजिंगच्या एका विहारातल्या भिंतीवरचा विमलकीर्ति, जो आता नाही, फक्त हकीकत उरलीये: कू काइचीने विहाराला दहा लाख नाणी देणगी कबूल केली, पैसे तर नव्हते, म्हणून एक कोरी भिंत मागितली, महिनाभर दार लावून चित्र काढलं आणि डोळ्यांची बुबुळं काढायच्या दिवशी सांगितलं की पहिल्या दिवशी बघायला येणाऱ्याकडून एक लाख घ्या, दुसऱ्या दिवशी पन्नास हजार. रक्कम जमली म्हणे. हा विमलकीर्ति कोण, तर वैशालीचा श्रीमंत गृहस्थ, बायकोमुलं असलेला, आणि तरी ज्ञानात भल्या भल्या भिक्खूंना गप्प करणारा. चिनी अधिकारीवर्गाला असाच माणूस हवा होता! नोकरी न सोडता, डोकं न भादरता बौद्ध होता येतं याचं त्यांच्याकडचं प्रमाणपत्रच ते.

वांग वेइ हा आठव्या शतकातला कवी तर त्याचं नावच अंगावर घेऊन फिरला, वेइ आणि त्याचं दुसरं नाव मोज्ये जोडलं की चिनीत विमलकीर्ति होतं. त्याच्या चार ओळींच्या कवितांत माणूस दिसत नाही, फक्त दूर कोणाचा तरी आवाज येतो आणि परतीचं ऊन जंगलात शिरून शेवाळावर पडतं. आपल्याला वाटतं हा सगळं सोडून बसलाय. पण हा मरेपर्यंत, 761 पर्यंत, सरकारी नोकरीत होता आणि बऱ्यापैकी वरच्या पदावर. वांगछ्वानचं ते डोंगरातलं घर, जिथल्या या कविता, ते त्याने आई गेल्यावर विहाराला देऊन टाकायची परवानगी बादशहाकडे मागितली, कारण आई तीसेक वर्षं व्रतस्थ बौद्ध उपासिका होती. म्हणजे पुन्हा आई. पुस्तकांत लिहितात ना, की चिनी माणूस नोकरीत असताना कन्फ्युशियसचा आणि नोकरी गेल्यावर बुद्धाचा, ते वाक्य वांग वेइला लागू पडत नाही आणि माझ्या मते फारसं कोणालाच नीट लागू पडत नाही.

आठव्या शतकातला कवी दू फू याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो कन्फ्युशियसचा माणूस हे कोणीही सांगेल, लाल दरवाजांआड मांस नासतंय आणि रस्त्यावर गारठून मेलेल्यांची हाडं पडलीत हे त्याने 755 मध्ये लिहिलं, आणि त्याच प्रवासात घरी पोचला तर त्याचं स्वतःचं तान्हं मूल उपासमारीने गेलं होतं.

पण मला ज्याच्यावर थांबायचंय तो कवी बाय ज्यूयी, 772 ते 846. तरुणपणी याने 50 कवितांचा एक संचच लिहिला, उघड हेतू असा की राज्यकर्त्यांनी वाचावं आणि सुधारावं. त्यातला कोळसे विकणारा म्हातारा तर अंगावर काटा आणतो, अंगात पातळ कपडे आहेत पण कोळशाचा भाव पडू नये म्हणून थंडी वाढो अशी प्रार्थना करतोय, आणि शेवटी राजवाड्याची माणसं येऊन हजारावर चिन (वजनाचं चिनी माप) कोळसा नेतात, बदल्यात बैलाच्या डोक्याला थोडं रेशमी कापड गुंडाळून जातात. कविता तिथेच तुटते, शेवटी उपदेश नाही काही नाही. कवितेने राज्यकर्त्याला बोलून दाखवायचं, ही कन्फ्युशियस परंपरेतली कवितेची ड्युटीच. 815 मध्ये नको तिथे बोलला म्हणून त्याची बदली झाली, पदही खाली आलं.

म्हातारपणी हाच माणूस लुओयांगजवळ लोंगमेनच्या डोंगरात स्वतःला उपासक म्हणवून राहिला. मित्र वारल्यावर त्याचा मृत्युलेख लिहिला, मित्राच्या घरच्यांनी सहा-सात लाख नाण्यांचा ऐवज दिला, हा घेईना, ते ऐकेनात, तर त्याने ते सगळं पडक्या विहाराच्या दुरुस्तीला लावलं. 844 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तिथल्या नदीतले खडक फोडून घ्यायला पैसे घातले, कारण नावाडी थंडीत पाण्यात उतरून नावा ओढायचे. आता हे पुण्य बौद्ध म्हणायचं की चांगल्या अधिकाऱ्याचं काम? मला विचाराल तर त्याच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नसणार.

आणि त्याने स्वतःच्या कवितांचं काय केलं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला तिथे दिसतं. बौद्ध नियमाप्रमाणे नटवं बोलणं हे वाणीचं पाप, आणि कवी आयुष्यभर तेच करतो. म्हणून त्याने आपल्या कवितांच्या प्रती विहारांच्या ग्रंथालयांत ठेवताना इच्छा लिहिली की माझे हे वेडेवाकडे, नटवे शब्द पुढच्या जन्मांत बुद्धाच्या स्तुतीचं निमित्त ठरोत. 845 च्या उन्हाळ्यात त्याने हिशोब लिहिला, एकूण 3840 रचना, पाच प्रती, त्यातल्या तीन तीन वेगवेगळ्या विहारांत, एक पुतण्याकडे आणि एक मुलीच्या मुलाकडे (मुलगा लहानपणीच गेला होता). तीन बुद्धाकडे, दोन घरात! आणि त्याच वर्षी बादशहाने बौद्ध धर्मावर घाव घातला, 4600 वर विहार बंद झाले आणि 2,60,500 भिक्खू-भिक्खुणींना सक्तीने संसारात पाठवलं. म्हणजे त्याने सगळ्या प्रती विहारांतच ठेवल्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे, आणि सगळ्या घरातच ठेवल्या असत्या तर काय झालं असतं तेही कोण जाणे. त्याच्या इतक्या कविता आज आहेत, त्याच्या काळच्या कोणाहीपेक्षा जास्त, त्यामागे ही दुहेरी काळजी आहे.

कादंबरीत हीच ओढाताण बघायची तर अठराव्या शतकातली 'लाल महालातलं स्वप्न' ही कादंबरी. बाप म्हणतो परीक्षा दे, पोराला परीक्षेची घृणा. 1791 मध्ये छापलेल्या 120 प्रकरणांच्या आवृत्तीत शेवटी हा पोरगा, बाओयू, परीक्षा देतो, सातवा येतो, आणि निकालाच्या आधीच नाहीसा होतो. मग बर्फात नावेतून चाललेल्या बापासमोर मुंडण केलेला, अनवाणी येऊन चारदा नमस्कार करून निघून जातो. शेवटची 40 प्रकरणं मूळ लेखकाची नाहीत म्हणून बरेच अभ्यासक या शेवटाला नावं ठेवतात, पण मला हा नमस्कार बरोबर वाटतो. आधी देणं फेडलं, मग गेला.

चित्रांबद्दल एक सावधगिरी. कागदावर रिकामी जागा दिसली की झेन (ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ) म्हणायची सवय लागलीये, इन्स्टावर तर रोज दिसतं. मूछी या तेराव्या शतकातल्या भिक्खूची सहा पर्सिमन फळं जगभर झेनची खूण झालीत, पण ते चित्र क्योटोला आहे आणि ही आवड घडली जपानमध्ये. चीनमधल्या 1365 च्या चित्रकोशात तर मूछीला ओबडधोबड, जुन्या पद्धतीचं भान नसलेला असंच म्हटलंय. चिनी निसर्गचित्रातल्या धुक्यामागे ताओ या तिसऱ्या चिनी मताचाही मोठा वाटा आहे, तो वेगळाच विषय.

संगीतात गोष्ट नसते, आईबाप नसतात, म्हणून तिथे ओळखणं अवघड, आणि माझं काम तिथलंच. कन्फ्युशियसला संगीताचं किती वेड, तर छी राज्यात शाओ नावाचं संगीत ऐकून तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही. पण त्याचंच म्हणणं, संगीत संगीत म्हणता ते काय नुसत्या घंटा आणि नगारे? त्याच्यानंतर पन्नासेक वर्षांतल्या, 433 इसवीसनपूर्वच्या आसपासच्या, 65 घंटा हुपेइ प्रांतात 1978 मध्ये एका कबरीत सापडल्या, जवळजवळ प्रत्येक घंटेतून दोन सूर निघतात, आता वुहानला म्युझियममध्ये आहेत. त्या बघितल्यावर कळतं की कन्फ्युशियस परंपरेतली विधी आणि संगीत ही जोडी म्हणजे काय, केवढी माणसं एका शिस्तीत उभी राहिल्याशिवाय ते वाजूच शकत नाही.

गुछिनबद्दल जुन्या इतिहासग्रंथात एक प्रसंग आहे, तो मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. कन्फ्युशियस एका गुरूकडे एक चीज शिकत होता. गुरू म्हणे पुढे जाऊ, हा म्हणे चाल आली पण हात बसला नाही. हात बसला, तर म्हणे आशय कळला नाही. आशय कळला, तर म्हणे तो माणूस कळला नाही. शेवटी एक दिवस म्हणाला, दिसला, काळासावळा, उंच, लांब बघणारा, हा राजा वन (चौ घराण्याचा, कन्फ्युशियसने आदर्श मानलेला जुना राजा) नसेल तर कोण? गुरू उठून नमस्कार करतो, कारण चीज खरंच राजा वनची. म्हणजे सुरातून माणसापर्यंत पोचायचं, ते माणूसपण अंगात उतरवायचं, आपल्याकडे रियाज म्हणतात त्याच्या हे जवळ आहे.

आता याच वाद्यावरचं 'पू-आन चौ' ऐका, बाराव्या शतकातल्या पू-आन या भिक्खूच्या नावाने चालणारा मंत्र. गुछिनसाठी तो 1592 मध्ये छापलेल्या एका संग्रहात येतो, ज्यात बुद्ध, कन्फ्युशियस आणि ताओ या तिन्ही मतांच्या रचना शेजारी शेजारी आहेत, कन्फ्युशियस परंपरेतल्या वचनावरचीसुद्धा. मंत्राचे बोल काय आहेत माहितीये? क क क, च च च, ट ट ट, त त त, प प प. आपली वर्णमाला! पाचही वर्ग, क्रमाने, पुन्हा पुन्हा फिरत राहतात. इथे कोणी माणूस दिसायचा नाहीये, अर्थही लावायचा नाहीये, दोन तारा एकत्र छेडून घंटेसारखा सूर येतो आणि तोच आकृतिबंध थोडा थोडा बदलत परत येतो. वाजवताना हात तोच, बसणं तेच, अगदी ती कन्फ्युशियसवाली शिस्त सगळी तशीच लागते, कारण बोट ढिलं पडलं तर हे संगीत उभंच राहत नाही. फक्त चीज संपल्यावर मनात कोणी उभं राहिलेलं नसतं. हा फरक मला वाचून कळला नसता, तो वाजवतानाच कळला.

सुरुवात कुठून करू असंही विचारलं होतं. यूट्यूबवर 'पू-आन चौ' एकट्या गुछिनचं शोधा, बासरी किंवा मंत्रगायन मिसळलेलं पहिल्यांदा नको, आणि क-च-ट-त-प मनात धरून ऐका, मराठी माणसाला तो क्रम आपोआप पकडता येतो. अजिंठ्याला गेलात तर 10 नंबरमध्ये श्याम शोधा, रंग बराच गेलाय तेव्हा आधी फोटो किंवा रेखाटन बघून जा. वाचायला बाय ज्यूयीपासून सुरू करा, कोळसे विकणारा आधी आणि म्हातारपणच्या कविता मग, दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे लक्षात ठेवून. मग मूलियनची कथा. वांग वेइ शेवटी ठेवा, त्याच्या ओळी सोप्या दिसतात म्हणून सगळे त्याच्यापासून सुरू करतात आणि त्याला नुसता निसर्गकवी समजून बसतात.